निव्वळ

दिंडोरी रोडला, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला
साठ टनी काट्यावर बसते मी.
अकरा वर्षं झाली.
आधी भरगाडी, मग रिकामी गाडी,
वजा करून राहतो तो निव्वळ माल.
पावती फाडते, शिक्का मारते.
दहा किलो इकडचे तिकडे होऊ दिले नाहीत कधी.

घरी मात्र वही.
निकुंभ डॉक्टरीणबाईंनी दिलेली, निळ्या पुठ्ठ्याची.
तोंडात जाईल ते लिहायचं, त्याच वेळी,
रात्री आठवून नाही.
मी रात्री आठवून लिहायचे.
पोळ्या दोन. वरण एक वाटी. भात नाही.
भाजी एक वाटी, तेल एक चमचा.
दीड महिना चौदाशेच्या आत,
आणि दवाखान्यातला काटा ब्याऐंशीवर
म्हशीसारखा बसून.
थायरॉइड तपासलं. नॉर्मल.
मग म्हणाले, बाई, तुमचा काटाच बिघडलाय.
हे मी म्हणाले. मी!

त्याच आठवड्यात कांद्याची एक गाडी आली.
भरगाडीच्या वेळी क्लीनर केबिनमध्ये, चादर ओढून झोपलेला,
रिकामीच्या वेळी नाहीसा. चहाला गेला म्हणे.
साठ किलो कांदा,
जो कुठल्याच शेतात पिकला नव्हता.
बोलाव त्याला, म्हटलं. बसव परत आत.
ड्रायव्हर हसला. ‘ताई, तुमच्या नजरेतून काय सुटतंय?’

घरी येऊन वही उघडली
आणि पेन तसंच हातात राहिलं.
माझाही एक क्लीनर आहे.
वही उघडली की चहाला जातो.

सारंगच्या डब्यात उरलेला अर्धा पराठा,
टाकवत नाही म्हणून.
मीठ बघायला तळहातावर घेतलेली भाजी,
तीही दोनदा.
‘चव तर घ्या’ म्हणत खिडकीतून आलेला द्राक्षाचा घड,
हंगामात रोज एक, कधी दोन.
कूट करताना शेंगदाणे. डबा बंद करताना चिवडा.
उभ्याने खाल्लेलं मी
खाल्लं असं धरतच नव्हते.

आणि ती पळी.
लग्नात तांबट आळीतून घेतलेली, पितळेची.
स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवली,
आधी रिकामी, मग तेल भरून.
वजा केलं. बावीस ग्रॅम.
वहीत तिचं नाव होतं चमचा.

त्या दिवशी पहिल्यांदा सगळं लिहिलं.
बेरीज एकवीसशे सत्तर.
दोनदा केली, तरी तेवढीच.
लाज वाटेल असं वाटलं होतं.
वाटलं ते वेगळंच,
रात्री आठला शेवटची गाडी जाते,
हिशोब जुळतो, शटर ओढते,
तसं काहीतरी.

रविवारी सोमेश्वरकडे मिसळ खायला गेलो,
आंब्याच्या झाडाखालच्या बाकावर.
पर्समधून छोटा काटा काढला, पाव ठेवला.
सारंग दुसरीकडे बघायला लागला,
जणू मी त्याची कुणीच नाही.
वाढणारा पोरगा धावत आला,
‘ताई, वजन कमी भरलं का? बदलून आणू?’
नाही रे, म्हटलं. भरलं तेवढंच आहे.
त्याला ते पटलं नाही. शेटला सांगायला गेला.
शेट लांबून माझ्याकडे बघत राहिला,
वजनमापवाली बाई धाडीवर आल्यासारखा,
आणि आमच्या टेबलावर
न मागता दोन पाव जास्तीचे आले.

रस्सा इथे फुकट, हवा तितका.
फुकटचं मोजायचं नसतं, असं शिकलोय आपण.
वर तर्री, लाल, डोळ्यांत पाणी आणणारी.
पोरगा भांडं घेऊन उभा. अजून?
अजून.
पुन्हा आला. अजून?
मी वही काढली.
तर्रीचा डाग पडला पानावर, पडू दे,
तोही मालातच धरला.
लिहिलं: रस्सा, तीन वाट्या.
मग त्या पोराकडे बघून
खोडलं आणि केलं चार,
आणि वाटी पुढे केली.